बिनमिठाचं पाणी

रविवार, १२ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं ट्रेनिंग नीट चाललं असेल आणि खोलीतला पंखा एकदाचा दुरुस्त झाला असेल. इकडे सगळे बरे आहोत. बाबांचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो. दुकानात काम भरपूर आहे. काल एका फोटोसाठी माझ्या उंचीएवढी काच कापली, एक कपचासुद्धा उडाला नाही. फोनच केला असता, पण आई शेजारी बसून ऐकते, म्हणून पत्र.

आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण छान झालं. भावोजींनी सांगितलंच असेल.

माझी तक्रार काही नाही. आठवडाभर आधी मी दुकानातून कोऱ्या लाकडी पट्ट्या आणून धुऊन, उन्हात वाळवून ठेवल्या होत्या, पास्ता वाळत घालायला. बुधवारी सकाळी भावोजी आले, हातात दोन पिशव्या. म्हणाले, "मेहुणे, आज तुम्ही आराम करा. आज आपला हात बघा." आई लगेच, "बाई गं, जावई स्वतः करतायत!" झालं. माझा ॲप्रनही त्यांनीच घातला. त्यांना तो पोटावर आखूड होतो.

मला पास्त्याच्या पट्ट्या कापायचं काम मिळालं. मी स्टीलची पट्टी लावून कापत होतो तर सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, पास्ता आहे, खिडकीची काच नाही!" काका-काकू हसले. बाबाही हसले. मीही हसलो.

ताई, हे आपण दोघांनी सुरू केलं होतं. जुन्या मासिकातली कृती तू मोठ्याने वाचायचीस आणि मी पीठ मळायचो. तुझा निकाल असो, माझा पहिला पगार असो, बाबांच्या पायाचं प्लास्टर निघालेलं असो, जेवण इटालियनच. मी शाळा सोडली, त्यानंतर या घरात माझं कौतुक व्हायचं ते त्याच दिवशी. आणि गेल्या वर्षी तू सगळ्यांदेखत भावोजींबद्दल म्हणालीस, "यांच्या हाताला चव आहे." मी तेव्हा तुझ्या मागेच ताटल्या पुसत उभा होतो. तुला दिसलो नसेन.

असो. पाण्याला उकळी आली. सवयीने मी चमचाभर पाणी काढून फुंकून चाखलं. मीठ नव्हतं. चीज खारट असतं म्हणून सॉसमध्येही त्यांनी घातलं नव्हतं, ते मी पाहिलं होतं. मिठाची बरणी माझ्या कोपराजवळ होती.

तेवढ्यात भावोजींनी वळून विचारलं, "काय एक्स्पर्ट, सगळं बरोबर ना?"

मी म्हणालो, "एकदम बरोबर."

हे लिहायला मला पत्राची दुसरी बाजू लागली, बघ.

मला वाटलं होतं, सगळे तोंड वाकडं करतील. पण काका म्हणाले, "वा! तोंडात विरघळतंय." काकू म्हणाल्या, "हॉटेल झक मारेल याच्यापुढे!" बाबांनी पुन्हा वाढून घेतलं. ताई, हेच शब्द ते माझ्या पास्त्याला म्हणायचे. अगदी हेच, आणि याच क्रमाने. मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल.

आई फक्त उठली. मीठ आणलं, आपल्या ताटलीत घातलं, आणि न विचारता माझ्या ताटलीतही घातलं. नंतर भांडी घासताना म्हणाली, "तू पाणी चाखलं होतंस ना?" मी नळ मोठा केला.

सगळे गेल्यावर भावोजींनी उभ्याउभ्याच उरलेला पास्ता खाल्ला आणि थांबले. "अरे देवा, मीठच नाही! आणि ही माणसं वा वा करत होती?" मग खो खो हसले. "फार चांगली माणसं आहेत रे तुमच्या घरची. तुझ्याही लक्षात आलं नाही ना? जाऊ दे. ती येईल त्या दिवशी तूच कर बाबा. मी आपला कांदा चिरीन." आणि ॲप्रन काढून माझ्या गळ्यात घातला.

मला हवं होतं ते मिळालं. चार दिवस झाले, तो ॲप्रन खुंटीवर आहे आणि मी त्या बाजूला बघत नाही.

त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस. तू येशील त्या दिवशी तुझ्यासमोर मीच सांगीन, आणि मग पाण्यात मीठ त्यांनाच घालायला लावीन. पण आधी तुला कळवलं, कारण ऐकल्यावर तू कोणाकडे बघशील, हे मला जाणून घ्यायचं आहे.

पट्ट्या मात्र मीच कापणार. त्या सारख्याच रुंदीच्या असतील, आणि ते तू सगळ्यांसमोर म्हणायचं आहेस.

त्यांच्याही आधीपासून तुझा,
धाकटा