व्लात्काला हात राखून सलाईन

३ मार्च
आज पुन्हा तेच, भर बैठकीत! झ्द्राव्काबाई – आमच्या भूलविभागाच्या प्रमुख, मला सगळं शिकवलं ते यांनीच – म्हणाल्या, "यकृत बदलताना रक्तदाब पडला की सलाईन धो धो सोडायचं. तीस वर्षं तेच करतेय." मी म्हटलं, जुनं यकृत निघेपर्यंत हात राखून दिलं तर शिरा फुगत नाहीत, रक्त कमी जातं. "आणि किडन्या वाळल्या तर?" बाईंनी लगेच विचारलं.

सर्जन तिहोमिरला तेवढंच हवं होतं. "त्या चिक्कू ब्राच बेटाची ना ही! तिकडे पाहुण्याला विचारतात – तुम्हाला तहान लागली नसेलच ना?" सगळे खो खो हसले. मीही. खोटं कुठे आहे? छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यात साठवून आम्ही उन्हाळा काढायचो. झाग्रेबला आले तेव्हा न मोजता अंघोळ करायला महिना लागला.

६ मार्च
यकृत अजून नाही. आमची पेशंट व्लात्का वाट बघतेय.

९ मार्च
मिळालं! व्लात्का शाळेत स्वयंपाक करते. वय चव्वेचाळीस, पोट पाण्याने टरारलेलं. टेबलावर घेतलं तर म्हणते, "डॉक्टरीणबाई, शुक्रवारी पोरांना माझ्याच हातची मासळी लागते. लवकर आटपा."

बाई म्हणाल्या, "कर तुझ्या पद्धतीने. मी इथेच उभी आहे."

पोटातलं सात लिटर पाणी काढलं, दाब घसरला. बाईंचा हात सलाईनकडे गेलाच. "सोड!" – "नको, बाई. थोडं अल्ब्युमिन देते, दाब चढवायचं औषध वाढवते." माझाच आवाज मला ओळखू येईना. पडद्यापलीकडून तिहोमिर – "पेरिना, अगं इथे रक्तच नाही! मला सगळं नीट दिसतंय!" थट्टा नव्हती.

मग नवं यकृत जोडलं, रक्तवाहिन्यांवरचे चिमटे सुटले. दाब अठ्ठेचाळीस! कॅल्शियम. ॲड्रेनॅलिन. एक मिनिट. दोन. चढला! यकृत गुलाबी झालं. रक्ताच्या पिशव्या फक्त दोन – एरवी आठ-नऊ लागतात!

१० मार्च
व्लात्काची लघवी तासाला बारा मिली, हवी तीसच्या वर. बाईंनी तक्ता पाहिला आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. व्लात्काच्या किडन्या गेल्या तर त्या माझ्या हातून गेल्या. जेवण गेलं नाही.

११ मार्च
एका तासात एकशे दहा मिली! पिवळीधमक! नर्स आणि मी पिशवीसमोर चक्क नाचलो. व्लात्काची श्वासाची नळी काढली, तर पहिला प्रश्न, "उद्याची मासळी कोण करणार?" नवरा इथल्या रिवाजाप्रमाणे डॉक्टरांसाठी कॉफीचे पुडे आणि चॉकलेटचा डबा घेऊन आला. तिहोमिरने पेलाभर पाणी पुढे केलं – "घ्या ब्राचकर, माझ्याकडून!" सगळं प्यायले. किती दिवसांनी एवढी खूश आहे!

१५ मार्च
बाईंनी खोलीत बोलावून दार लावलं. वाटलं, आता बोलणी बसणार. टेबलावर त्यांचेच रिपोर्ट. डोळे पिवळसर – इतके दिवस मला दिसले कसे नाहीत?

"यकृताच्या यादीत नाव चढलंय माझं," म्हणाल्या. "उशाशी तूच बस, पोरी. या खेपेला मी मध्ये बोलणार नाही."