भागूची गोळी, माझी गोळी

९ फेब्रुवारी
भागूने आज बाहेरच्या दाराचा कोपरा खाल्ला. दार सरकारी क्वार्टरचं. शिरीषने नवरेपणा सोडून अधिकारीपणाने सुनावलं, की भरपाई आपल्याच पगारातून जाणार. आठ महिने झाले तिला रस्त्यावरून घरी आणून, अजून घंटी वाजली की कुत्री पलंगाखाली. भित्री भागूबाई, म्हणून भागू. आमच्या ईराला हा शब्दच माहीत नव्हता. दिल्लीत वाढलेली पोर, दुसरं काय.
खालच्या चड्ढाजींची तक्रार: आम्ही ऑफिसला गेलो की दिवसभर रडते.

११ फेब्रु.
गुरांच्या नव्हे, कुत्र्यांच्या डॉक्टरकडे. तरुण मुलगी. वीस मिनिटं भागूला हात न लावता नुसती बघत बसली. किती झोपते, कधी जेवते, फिरायला कोण नेतं, घरात आवाज कोण चढवतं. मग एकदम, "घर में और कौन परेशान रहता है?"
मी म्हटलं, कोई नहीं. फार पटकन म्हटलं.
रोज अर्धी गोळी. पण गोळी एकटी काही करणार नाही म्हणाली, झोप, जेवण, चालणं, माणसं, सगळं बदलावं लागेल. अधिवेशन चालू आहे, बाई! संसदेच्या प्रश्नांची उत्तरं काय तू लिहिणार?
माझ्या डॉक्टरने ऑगस्टमध्ये मला पाच मिनिटांत वाटेला लावलं होतं. झोपेबद्दल चकार शब्द नाही.

१३ फेब्रु.
भागूच्या गोळ्या फ्रिजवर, सगळ्यांसमोर. वर ईराने वेळांचा तक्ता चिकटवलाय. माझ्या गोळ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. छातीत धडधड व्हायची, हात थरथरायचे, त्यावरच्या. घरी सांगितलंय थायरॉइडच्या म्हणून. कारण शिरीष एकदा त्याच्या ऑफिसातल्या एका माणसाबद्दल म्हणाला होता, "डोक्याच्या गोळ्या खातो. कच्चा आहे." वरण वाढून घेता घेता. तेव्हापासून आपलं ठेवावं झाकून.

२० फेब्रु.
शोध लागला. ती कुकरला घाबरत नाही, घंटीलाही फारशी नाही. ऑफिसातल्या साहेबांचा मेसेज आला की माझ्या फोनची जी टिंग होते, तिला घाबरते. आणि खरं तर टिंगलाही नाही. टिंग झाली की मी श्वास धरते, खांदे वर जातात, मला कळतही नाही. तिला कळतं.
आज टिंग झाल्यावर फोन न बघता जमिनीवर बसले. श्वास सावकाश सोडला. दहा मिनिटांनी भागूबाई पलंगाखालून बाहेर आल्या, मांडीवर हनुवटी ठेवली. मला रडू आलं. रडले.

२४ फेब्रु.
रोज सव्वासहा ते सात फिरणं. फोन घरी. भागू प्रत्येक झाड हुंगते, मी उभी राहते. आज साहेबांनी विचारलं, फोन क्यों नहीं उठाया? सांगितलं, "सर, वॉक पर थी. सात बजे तक रोज़ रहूँगी." आभाळ कोसळलं नाही.
कुत्री एक वाजता वेळेवर जेवते आणि मी डबा चारला उघडते, हे काय? आज एकला उघडला. फाइल मिटून. शेजारच्या टेबलावरचे बघत होते. बघू देत.

४ मार्च, होळी
सगळं मुसळ केरात. गच्चीवरून फुगा नेमका भागूच्या पाठीवर फुटला. पट्टा सुटला, पळाली. दोन तास. शिरीष चप्पल न घालता धावला, तीन गल्ल्या पलीकडे गाडीखाली सापडली. त्याच्या पायाला काच लागली होती.
पाय धुता धुता म्हणाला, बस झालं. पानिपतला त्याच्या मित्राचा चादरींचा कारखाना आहे, मोठं आवार. पंधराला रविवारी गाडी येईल. "तिथे मोकळी राहील." ईरा रडली. मी काहीच बोलले नाही. का नाही बोलले?

५ मार्च
मोकळी राहील म्हणे. यंत्रमागांच्या खडखडाटात!

१२ मार्च
अधिवेशन परत सुरू, तरी सकाळचं फिरणं सोडलं नाही. भागूने आठवडाभर दाराला तोंड लावलं नाही. चड्ढाजी जिन्यात म्हणाले, आजकल आवाज़ नहीं आती. मुद्दाम शिरीषला सांगितलं.
तो म्हणाला, गाडीचं ठरलंय. "कुत्र्याला कसली आली अँग्झायटी? थेरं सगळी. मनाला लावून घेतलं नाही की झालं."
वाईट नाही तो. पायाला अजून पट्टी आहे. पण साऱ्या दुखण्यांवर त्याच्याकडे हे एकच औषध. ते मी सोळा वर्षं घेतलं. गुण आला नाही.
मी म्हटलं, भागू जाणार नाही. तो म्हणाला, कारण सांग. कारण पर्समध्ये होतं. काढलं नाही. भित्री कोण?

१५ मार्च, रविवार
नऊला गाडी आली. ड्रायव्हरला खाली चहा पाठवला. शिरीष भागूला पट्टा लावायला वाकला, ती माझ्या पावलांवर येऊन बसली. थरथरत. या वेळी मी थरथरत नव्हते.
पर्समधून डबी काढली, तिच्या गोळ्यांशेजारी ठेवली.
"ही थायरॉइडची नाही. तिचं आणि माझं दुखणं एकच आहे. ऑगस्टपासून घेतेय. ती या घरात बरी होतेय, तिच्यामुळे मीही होतेय. तिला पाठवायचं असेल तर मलाही पाठव."
ईरा दारात उभी होती. ऐकलं तिने. ऐकू दे.
शिरीषने डबीवरचं औषधाचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. "ऑगस्टपासून?" हो म्हटलं. "मला का नाही सांगितलंस?" का ते सांगितलं. वरणासकट.
तो खुर्चीवर बसला. खालून ड्रायव्हरने हाक मारली, साहब, निकलें? शिरीष म्हणाला, पाँच मिनट.
मी स्वयंपाकघरात हे लिहितेय. पाचाची वीस मिनिटं झाली. पट्टा अजून त्याच्या हातात आहे, गाडी अजून खाली आहे. मी बोललेलं मागे घेणार नाही.