कलेजीचे काप आणि मचूळ पाणी

संगमनेर,
१२ फेब्रुवारी १९७१

तीर्थस्वरूप भिमाजीमामांच्या चरणी भाचा गहिनीनाथ याचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता वाकतो का? म्हशीने नवा गोठा पसंत केला का? आम्ही दोघे खुशाल आहोत, मी तर जरा जास्तच.

मामा, तुमचा भाचा पीएच.डी. झाला! सोनईत तुम्ही सत्कार ठेवलात, म्हणून आठ वर्षं मी काय केलं ते सविस्तर लिहितो. 'कॉलेजात मास्तर असून कलेजी रंगवत बसतो' एवढ्यावर भागवू नका. मेंढीच्या कलेजीचा तुकडा मी मेणात बसवतो, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतो, काचेवर चिकटवतो आणि रंगवतो. न रंगवलेल्या कापात सूक्ष्मदर्शकाखाली काही म्हणजे काही दिसत नाही. रंग नीट बसला की पेशीचं केंद्रक निळं आणि बाकी सगळं गुलाबी होतं, आणि जंताने कलेजी कुठे पोखरली ते कळतं.

पण माझं केंद्रक निळं होईना. सहा वर्षं नुसता तांबूस चिखल! पाण्याच्या बाबतीत मी फार कडक. काच धुवायची ती प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यानेच. (आमच्या विहिरीचं पाणी इतकं मचूळ, की तुरीची डाळ दुपारपर्यंत शिजत नाही. त्याचा थेंबही मी जवळ येऊ दिला नाही.) पुण्याचे परीक्षक सोमवारी येणार होते. तोवर निळं दिसलं नाही तर प्रबंध परत. रविवारी कॉलेजला कुलूप, म्हणून काचा घरी आणल्या, केंद्रकाचा पहिला रंग दिला आणि बसल्या जागी माझा डोळा लागला. तुमच्या भाचेसुनेने, बनूने, त्या कळकट काचा पाहिल्या आणि विहिरीच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवल्या. जाग आल्यावर मी जो ओरडलो, तो प्रवरेच्या पलीकडे ऐकू गेला असेल. बनू एवढंच म्हणाली, "लई घान हुत्या." काचा उचलून पाहतो तर निळ्या! मचूळ पाण्यातल्या क्षारानेच तो रंग खुलतो. (पुस्तकात तशी तळटीप होती. मी तळटिपा वाचत नाही.) परीक्षकांनी पाव तास डोळा लावून पाहिलं आणि विचारलं, हे रंगवलं कुणी? मी म्हणालो, मीच. मामा, तेव्हा फुगलेली छाती अजून खाली आलेली नाही.

आपला,
डॉ. गहिनीनाथ

ता. क. : खरं काम वेगळंच आहे. प्रबंधाच्या सुरुवातीला मी प्राचार्यांपासून कलेजी देणाऱ्या चांदभाईंपर्यंत सगळ्यांचे आभार मानले. बनूचे राहिले. तिने पान उघडून विचारलं, "माजं नाव कुठं हाय?" प्रबंध इंग्रजीत. घाबरून मी चांदभाईंच्या नावावर बोट ठेवलं. आता ती ते पान आल्यागेल्याला दाखवते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुम्ही भाषणात तिचं नाव घ्या, बादलीची हकिगत सांगा. माझ्या तोंडून निघत नाही. आणि हे पत्र लगेच फाडा.

आणखी ता. क. : मामा, बनूचा नमस्कार. पाकीट डकवायला ह्यांनी माज्याकडं दिलं. मराठी मला वाचता येतं, चौथी पास हाय मी. ते नाव चांदभाईचं हाय, हे त्यांच्या लेकीनं मला पहिल्याच दिशी वाचून सांगितलं. ह्यांनी आपनहून खरं सांगावं म्हनून मी रोज पान काढत हुते. आज सांगितलं, पर तुमाला. सत्काराला येते. तुमी काई बोलू नका. भाषन मीच करनार हाय.