अडतीस हजारांची घासाघीस

४ फेब्रुवारी, बुधवार

सगळ्यांत आधी आली समोरची शिंपीण. माझ्याकडे कोणी येणार असलं की बाईला वास लागतो! खिडकीतून नातजावयाची गाडी दिसली असणार. "साखर आहे का हो?" म्हणत आत आली आणि खुर्ची धरून बसली. साखर राहिली बाजूला. मग नातजावई तीन जिने चढून आला, आणि मागून माझी बबडी, हसत. हसत म्हणजे किती! एकोणतीस वर्षांची बाई, पण दात पडलेलं पोर हसतं तशी.

घर बघितलं म्हणे! तळमजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर. घर एका रिटायर मास्तरांचं, ते लेकीकडे राहायला चाललेत. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालेत.

"आजी, एक खोली तुझी."

"खिडकी आहे का?"

"आहे."

"बाहेर काय दिसतं?"

"भिंत."

"चालेल. मला तरी कुठं समुद्र बघायचाय!"

शिंपीण म्हणाली, "मग मी गप्पा कुणाशी मारू?" आणि डोळे पुसले. नाटकी आहे, पण मनाची चांगली.

पैसे बँक देणार. दोघांच्या पगारावर. त्याआधी बँक म्हणे क्रेडिट रिपोर्ट बघते. नातजावयाने नीट समजावलं — कोणी कधी कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले की नाही, सगळं त्यात लिहिलेलं असतं. शाळेचं प्रगतिपुस्तक असतं तसं. मी म्हटलं, मग काय, आमची बबडी पहिली येणार! मी चौथीत शाळा सोडली, पण ती कधी नापास झाली नाही.

बबडी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. लाजली असेल.

८ फेब्रुवारी, रविवार

फोन नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

मीच केला. "बघू आजी, कामात आहे." आवाज पडलेला. सर्दी आहे का विचारलं. हो म्हणाली. सर्दीचा आवाज मी ओळखते. हा सर्दीचा नव्हता.

११ फेब्रुवारी, बुधवार

आले होते दोघं. बबडी चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात मी नातजावयाला धरलं. खरं सांग. तो गुळमुळीत बोलायला लागला. मी म्हटलं, जन्मभर रद्दीचं दुकान चालवलंय, ओला कागद हाताला लगेच कळतो. बोल.

बँकेने नाही म्हटलंय. रिपोर्टमध्ये एक जुनं कर्ज निघालं. बबडीच्या बापाच्या दवाखान्याचं!

मी म्हटलं, ते तर मी फेडलं! अरे, मी स्वतः! आणि मग सगळी गोष्ट परत सांगितली त्याला. माझा लेक आजारी पडला तेव्हा बबडीला नवी नोकरी होती, म्हणून कर्ज तिच्या नावावर घेतलं. लेक तर गेला. हप्ते थकले, सात महिने. वसुलीचा माणूस दारात आला. नव्वद हजार बाकी. मी त्याला बसवलं, चहा दिला. मग गेले त्याच्या साहेबाकडे, तीन दिवस रोज. तिथं माझं आयुष्यभराचं कसब पणाला लावलं. पंचाऐंशी म्हणाला, मी चाळीस म्हटलं. शेवटी बावन्नवर तोडलं! बांगड्या विकल्या, दुकानाचा मोठा काटा विकला, रोख मोजून दिले. अडतीस हजार वाचवले मी!

नातजावई खाली बघत होता.

"आजी, पूर्ण फेडलं की तिथं 'क्लोज्ड' लिहितात. आपल्या कर्जापुढे 'सेटल्ड' लिहिलंय. म्हणजे ह्यांनी सगळे पैसे दिले नाहीत, आम्ही उरलेले सोडून दिले. पुढची बँक ते वाचते आणि घाबरते."

"पण त्यांनीच तर मान्य केलं! कागद दिला!"

"हो आजी. पण तसं मान्य केलं की तसंच लिहितात."

बबडी आतून ओरडली, "तू गप्प बस ना रे! तिला कशाला सांगतोस!"

आता नुसत्या त्याच्या पगारावर कर्ज मिळेल. त्यात एक खोली येते. माझी येत नाही. हे कोणी बोललं नाही. मीच हिशेब केला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जेवण गेलं नाही. सहा वर्षं ती गोष्ट मी सांगत सुटलेय! शिंपिणीला तर पाठ आहे. बबडीच्या लग्नात व्याह्यांना सांगितली, भर मांडवात. सगळे हसले. बबडी पण हसली.

एवढी वर्षं मी मिरवत होते, आणि पोरीच्या नावावर डाग.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कोणाला न सांगता गेले. त्याच कर्जवाल्या ऑफिसात. बसने, मग चालत. गुडघ्याची काय ती बोंब! साहेब बदललाय. काउंटरवरची बाई तीच, केस पांढरे झालेत. मला बघून हसायलाच लागली.

"आजी तुम्ही! आता काय कमी करायला आलात?"

"कमी नाही बाई. वाढवायला आले."

तिला कळेना. सोडलेले अडतीस हजार घ्या आणि माझ्या नातीच्या नावापुढे नीट लिहा, म्हटलं. तिने कॉम्प्युटरवर बघितलं, साहेबाला विचारून आली. घेतात म्हणे. माझ्या शेवटच्या खर्चाचे एक्केचाळीस हजार होते पासबुकात, ते काढूनच नेले होते. मोजून दिले. पावती मिळाली. बाकी नसल्याचं पत्र आठ दिवसांनी. आणि रिपोर्टात बदल दिसायला महिना, दीड महिना. मग बँक परत बघणार, परत ठरवणार.

"दीड महिना? मास्तर महिनाअखेरपर्यंतच थांबलेत हो!"

"ते आमच्या हातात नाही, आजी."

मी घासाघीस केली. एक महिना करा, वीस दिवस करा. एक दिवस कमी झाला नाही. जन्मात पहिल्यांदा भाव न तोडता परत आले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तरांनी घर दुसऱ्याला दिलं. त्यांचा काय दोष. लेक बोलावतेय त्यांना.

२२ फेब्रुवारी, रविवार

पावती दाखवली. बबडी आधी चिडली — "तुला कोणी सांगितलं होतं? तुझे शेवटचे पैसे होते ते!" — मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी म्हटलं, अगं, मी इतक्यात जात नाही, तीन जिने उतरायचाच कंटाळा येतो! हसली नाही.

घाई करायची नाही म्हणतात. रिपोर्ट सुधारला की परत अर्ज, परत घर शोधायचं. दोन खोल्यांचंच, म्हणाली. मी म्हटलं, एकीचं बघा, मला इथं सवय आहे. तिने ऐकलंच नाही असं केलं.

जाताना नातजावई उंबऱ्यात म्हणाला, पुढच्या रविवारी जमणार नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पत्र आणायला गेले. काउंटरवरची बाई चांगली आहे, स्वतःचा डबा बाजूला सारून मला खुर्ची दिली. मी म्हटलं, अडाणी म्हातारीने पोरीचं नुकसान केलं हो, तेव्हा कोणी सांगायला नव्हतं. ती म्हणाली, "अहो, मी सांगितलं होतं की! तुमच्या नातीला. सहीला आली तेव्हा. म्हटलं, सही करू नकोस, हप्ते लहान करून देते, हे नावाला लागेल आणि वर्षानुवर्षं राहील. तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, 'बाबा गेल्यापासून आजी काल पहिल्यांदा पोटभर जेवली. राहू द्या.' आणि सही केली."

हे मला कळलंय, ते तिला सांगायचं नाही.

आठ मार्चला येतो म्हणालेत, रविवारी.