गौरीचा आवाज आणि पंख्याचे आकडे

बमरोली, सुरत

ती. वत्सलाताईस पोपटचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आणि भाऊजींची साखर दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो (दोघांपैकी एकजण तरी पथ्य पाळत असणारच, आणि ते भाऊजी नव्हेत). योगराजच्या लग्नाची पत्रिका मिळाली. मागोमाग तुझा फोन आला, की मुलीकडची मंडळी शांत स्वभावाची आहेत, तेव्हा गौरीला शेजाऱ्यांकडे ठेवून या. त्याचं उत्तर या पत्रात लिहितो.

माझ्या या नातीला, आशिषच्या लेकीला, ऑटिझम आहे, आपला आवाज किती मोठा लागतोय हे तिला आपसूक कळत नाही, हे तू जाणतेस. शाळेतल्या प्रियांका मॅडमनी त्यावर तोड काढली. पंख्याच्या रेग्युलेटरसारखे आकडे: देवळात एक, घरात दोन, गच्चीवर चार, संकटात पाच. तिच्यावर चिडायचं नाही, आपणच तेवढ्या आवाजात बोलून दाखवायचं. इथंच घोडं पेंड खातं. माझा जन्म गेला लूमच्या खडखडाटात. मी कानात सांगितलेलं गुपित शहराच्या दुसऱ्या टोकाला, पर्वत पाटियापर्यंत ऐकू जातं. गौरी भराभर शिकली, मी अजून दोनवर नापास. चंद्रभागा म्हणते (ती हळूच बोलते, पण घरात चालतं तिचंच), "पोर शिकनी, आते तुमले कोन शिकाडी?"

मग मंगळवारी गौरीला गणपतीच्या देवळात नेलं. देवळात एक, हे शिकवताना आरतीचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. घंटा, झांजा, टाळ्या, सगळं गाव पाचवर. गौरी गोंधळली आणि पुजाऱ्यांना ओरडून म्हणाली, "काका, मंदिरमां एक!" पुजारी भला माणूस, तो हसला. मागची एक बाई मात्र म्हणाली, "छोकरीने घरे राखो ने." पोरीला घरीच ठेवायची म्हणे.

ते गौरीनं ऐकलं, आणि तिनं स्वतःला शून्यावर नेऊन ठेवलं. शाळेत शून्य, घरात शून्य. पाणी हवं तर माठाकडे बोट. ताई, या पोरीचा पहिला शब्द ऐकायला आम्ही किती वर्षं देव पाण्यात ठेवले होते, ते तू पाहिलंयस. मला त्या शांततेची भीती वाटली, आणि रडूही आलं.

प्रियांका मॅडम म्हणाल्या, चूक तिची नाही, आपला नियम अपुरा. सगळे गात असतील तेव्हा चारवर गायचं, एवढं त्यात घातलं. काल तिला पुन्हा आरतीला नेलं. बराच वेळ ती माझा हात धरून गप्प उभी राहिली, आणि शेवटच्या कडव्याला गायली. सगळ्यांच्या जरा मागून, पण बरोबर चारवर. पुजाऱ्यांनी तिला दोन पेढे दिले, मला अर्धा.

भाऊजींना नमस्कार, योगराजला आशीर्वाद.

तुझा भाऊ,
पोपट

ता. क. आहेराची साडी घेतली. रंग चंद्रभागेनं निवडलाय, तक्रार तिच्याकडे करावी.

आणखी ता. क. कुणाला शेजारी ठेवायचंच झालं तर मला ठेवावं लागेल. गौरीनं लग्नासाठी फ्रॉक काढून ठेवलाय आणि कालपासून सारखी विचारते, "अमळनेरच्या आजीकडे कितीवर बोलायचं?" मी म्हटलं, आजीच सांगेल. तेव्हा फोन करून तिला तूच सांग. कुठलाही आकडा सांग, ताई, फक्त शून्य सांगू नकोस.