एकेचाळीस पावलं

३ मे

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

दुकानातली घड्याळं दुरुस्त झाली की मी ओढ्यावर असतो, हे तुला ठाऊक आहेच. यंदा खंड्याचं घरटं सापडलं! पुलापासून एकेचाळीस पावलं, डावा काठ, पाण्याच्या चार वीत वर बीळ. चोचीतला मासा डोकं पुढे करून धरलेला, म्हणजे आत पिल्लं आहेत. स्वतः खायचा असता तर उलटा धरला असता. हे मला कुठल्या कॉलेजाने शिकवलेलं नाही. वाचनालयाच्या फळ्यावर नकाशा लावला, पावलांसकट. रविवारी अकरा जण कॅमेरे घेऊन आले. एकाचीही वाट चुकली नाही! कळावे, पुन्हा नमस्कार.

शाबासकीची वाट पाहणारा,
धाकटा

८ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शाबासकी कसली, कान धरायला तू जवळ हवा होतास. तीस वर्षं मी प्रसूतिगृहात नर्स होते. बाळंतिणीच्या दारावर आम्ही ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावायचो. तू दाराचा नकाशा लावलास, शहाण्या! अकरा जण बिळासमोर उभे असताना तो पक्षी आत जातो का? एवढा मोजणारा तू, हे मोजलंस? येत्या रविवारी मोज. तू विचारलं नाहीस, पण माझा गुडघा बरा आहे.

रागावली तरी तुझीच,
ताई

३० मे

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

मोजलं. माणसं नऊ, पक्षी तारेवर, चोचीत मासा, बावीस मिनिटं. शेवटी त्याने मासा उलटा केला आणि स्वतःच गिळला. मला दुपारी जेवण गेलं नाही.

सगळ्यांना तिथून हलवलं, फोनमधले नकाशाचे फोटो पुसायला लावले. फळ्यावर आता एवढंच: ‘ओढ्यावर खंड्या दिसला. जागा विचारू नये.’ ग्रंथपालबाईंनी तरी विचारलंच. नक्की आठवत नाही, असं मी जन्मात पहिल्यांदा म्हणालो. त्यांनी माझी तब्येत विचारली.

दुसऱ्या दिवसापासून पक्षी दर सात मिनिटांनी आत जाऊ लागला. मी पुलावरूनच पाहायचो, दुर्बिणीने. काल चार पिल्लं उडाली, ताई! जोडी पुढच्या वर्षीही तिथेच येईल. तुझ्याकडे येणारे-जाणारे पुष्कळ, तेव्हा माझं पहिलं पत्र फाडून टाक.

कान पुढे करून,
धाकटा

४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चारही उडाली, शाबास रे! पत्र काही फाडवत नाही. पावलांची ओळ तेवढी कात्रीने कापून टाकली. तिच्या पाठीमागे तुझा नमस्कार होता, तोही गेला. पुढच्या पत्रात दोन घाल.

ताई