जवारी कोणी लावली, याबाबत

मी, कस्तुराबाई आप्पाजी हुक्केरी, वय बहात्तर, राहणार शिवाजीनगर, बेंगळुरू, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मनाने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कानही शाबूत आहेत, आणि या घराने मला कानांसाठीच पोसले, म्हणून त्यांचा उल्लेख आधीच केलेला बरा.

कलम पहिले. आमचा धंदा तंबोरे करण्याचा. वडील आप्पाजी मिरजेत शिकून इथे आले. माझा धाकटा भाऊ दयानंद याला त्यांनी भोपळा पारखणे, दांडी कोरणे, भोपळ्यावर पातळ लाकडी तबली बसवणे शिकवले. ते तो चांगले करतो; खोटे कशाला लिहू? पण जवारी त्याला कधी जमली नाही. तारा ज्या घोडीवरून जातात, तिची पाठ कानशीने अशी उतरवायची की तार तिला टेकते न टेकते आणि सूर गुंजत राहतो. हात जास्त फिरला तर तार फरफरते, कमी फिरला तर मुकी राहते. या दुकानातून गेलेल्या प्रत्येक तंबोऱ्याची जवारी मी लावलेली आहे. दयानंद गिऱ्हाइकासमोरून तंबोरा पडद्यामागे माझ्याकडे आणी, मी लावून देई, तो बाहेर नेऊन म्हणे, "आता ऐका." वाहवा त्याची, तबलीवरच्या चिठ्ठीवर नावही त्याचेच. एका गायिकेने विचारले होते, आत कोण असते? "आमची अक्का. चहा करते," हा म्हणाला. मग मला चहाही करावा लागला.

कलम दुसरे. माझे लग्न झालेले नाही, म्हणून पोटचे वारस नाहीत. एक स्थळ आले होते, यशवंतपूरचे, रेल्वेतले. मला पसंत होते. आप्पा म्हणाले, "हिचा कान परक्या घरी कशाला धाडायचा?" दयानंद तिथेच बसला होता. तो एक शब्द बोलला नाही. त्याबद्दल मी त्याला माफ केलेले नाही, आणि मरणाच्या तोंडावर मोठे मन दाखवण्याची मला हौस नाही.

कलम तिसरे. दुकान आप्पांनी दयानंदला दिले, मागची खोली मला. ती खोली, माझ्या कानशी आणि अर्धवट घासलेल्या घोड्या मी दयानंदची मुलगी कावेरी हिला देते. ती ऑफिसात असते, पण रविवारी माझ्याजवळ येऊन बसते. परवा मी तार छेडून "झाले" म्हटले, तर म्हणाली, "आत्या, स्वल्प थांब. पंचम अजून बंद आहे." बंदच होता. मला राग आला आणि आनंदही झाला. अट एवढीच, की तिने गल्लीकडचे दार उघडून तिथे बसावे आणि चिठ्ठी स्वतःच्या नावाची लावावी. हल्ली लोकांना माइकसाठी अगदी उघडी, झणझणीत जवारी हवी असते. तिने त्यांच्या नादी लागू नये. घोडीची पाठ गोल ठेवावी. गाणाऱ्याच्या आवाजावर तंबोऱ्याने कुरघोडी करायची नसते. पडदा फाडून पॉलिशला वापरावा.

कलम चौथे. आईच्या पाटल्या दयानंदची बायको नीला हिला. तिने मला कधी शिळे वाढले नाही.

कलम पाचवे. दयानंदला काही नाही. नाव त्याने आधीच घेतलेले आहे. वकील श्रीवत्स म्हणाले, ज्याला काही मिळत नाही त्याने साक्षीदार व्हायला हरकत नाही. म्हणून मी त्यालाच बोलावले आहे. त्याने पहिले कलम वाचावे आणि वाचून सही करावी, एवढेच मला त्याच्याकडून हवे आहे. तोंडाने कबूल करणे त्याच्याच्याने होणार नाही.

ठिकाण: शिवाजीनगर, बेंगळुरू
दिनांक: ११ मार्च २०२४
सही: कस्तुराबाई आप्पाजी हुक्केरी

साक्षीदार:
१. गुरुप्रसाद कुलकर्णी, मल्लेश्वरम (सही)
२. दयानंद आप्पाजी हुक्केरी, शिवाजीनगर (सही)

सह्या झाल्यावर लिहिलेले: दयानंदपुढे कागद ठेवले, त्याचा चष्मा त्याच्या हातात दिला. "वाचायचं काय त्यात अक्का? तू लिहिलंस, सरी, ठीकच असेल. कुठं करू सही?" मी बोटाने जागा दाखवली. सही करून तो उठला, बाहेर गिऱ्हाईक खोळंबले होते. मला वाटले होते, निदान चष्मा तरी लावेल.